भूकालाचे मोजमाप आणि जीवसृष्टीचा इतिहास

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेणे अवघड नाही. परंतु ते पाठ झाले म्हणजे कळले, असे होत नाही. मुलाला आजोबांचा काळ कळतो, पणजोबांचा ऐकून ठाऊक असतो, शिवछत्रपतींचा काळ म्हणजे पुष्कळ पूर्वीचा असे तो समजतो. त्यापलीकडचे सारे त्याच्या लेखी 'फार फार पूर्वी' असते. त्या अंधारात गौतम बुद्ध, गुहेत राहणारा माणूस, डायनोसॉर आणि पृथ्वीचा जन्म ही सर्व शेजारी शेजारी उभी असतात. हा गोंधळ दूर करणे हे या विषयाच्या अध्यापनाचे पहिले काम होय.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. एवढा प्रचंड आकडा कोणाला व कसा कळला, असा प्रश्न वर्गातील एखादे चौकस मूल विचारल्यावाचून राहत नाही. 'पुस्तकात तसे दिले आहे', एवढेच उत्तर त्याला मिळाले, तर शास्त्राने मोजलेला आकडा आणि कानावरून आलेला आकडा यांत त्याच्या दृष्टीने काहीच भेद उरत नाही. दोन्ही कोणा वडीलधाऱ्याने सांगितले म्हणून खरे. यासाठी शिक्षकांनी आकड्यापासून आरंभ करू नये. आधी थरांचा क्रम, मग त्या क्रमाचा पुरावा आणि शेवटी वर्षांचा आकडा, या ओळीने विषय मांडावा. शास्त्राची वाटचालही याच ओळीने झालेली आहे.

थरांचा क्रम

घरातील रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत खालचे वर्तमानपत्र सर्वांत जुने आणि वरचे सर्वांत नवे असते. मधल्या अंकांवरच्या तारखा फाटून गेल्या असल्या, तरी त्यांचा क्रम सांगता येतो. गाळाचे खडक असेच एकावर एक साचतात. नदी गाळ आणते, तो सरोवराच्या किंवा समुद्राच्या तळाशी बसतो, वरच्या भाराने दबून कालांतराने त्याचा खडक होतो. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने १६६९ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला. नियम इतका साधा आहे की तो कोणी शोधून काढावा लागला याचेच नवल वाटते. पण भूशास्त्राची सारी इमारत याच पायावर उभी आहे.

येथे एका चुकीपासून सावध राहावे. थर दाखविण्यासाठी मुलांना गावच्या विहिरीवर नेण्याची कल्पना सहज सुचते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण काळा पाषाण असे तेथे दिसतेही. परंतु ही माती व हा मुरूम बहुतेक ठिकाणी पाषाणावर येऊन साचलेले नाहीत. खालचाच खडक ऊन, पाणी व हवा यांनी कुजून, सुटून ते तयार झालेले आहेत. त्यामुळे त्यांना काळाच्या क्रमाने रचलेली पाने समजणे बरोबर नाही. खरे थर पाहावयाचे तर सह्याद्रीच्या घाटात, रस्त्यासाठी फोडलेल्या कड्याकडे पाहावे. तेथे काळ्या खडकाचे जाड थर एकावर एक आडवे बसलेले दिसतात आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा एक पट्टा असतो. प्रत्येक काळा थर हा लाव्हारसाचा एकेक लोंढा होय. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधला विसावा: पहिला लोंढा थंड झाला, त्याचा पृष्ठभाग कुजून माती झाली, आणि मग दुसऱ्या लोंढ्याने तिला झाकून भाजून काढले. असा एक पट्टा नीट पाहिलेल्या मुलाला 'काळ गेला' या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

जीवाश्मांची साक्ष

एका गावच्या टेकडीतील थर व शंभर कोसांवरील दुसऱ्या टेकडीतील थर एकाच काळातले आहेत की नाहीत, हे नुसत्या क्रमावरून कळत नाही. ही अडचण इंग्लंडमधील विल्यम स्मिथ या मोजणीदाराने सोडविली. कालव्यांच्या खोदाईवर काम करीत असताना त्याच्या ध्यानात आले की, प्रत्येक थरात विशिष्ट प्रकारचेच शंख, शिंपले व अन्य जीवांचे अवशेष सापडतात आणि त्यांचा खालपासून वरपर्यंतचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. या खुणांच्या आधारे त्याने १८१५ मध्ये इंग्लंड व वेल्स यांचा मोठा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. स्मिथ क्रांतिवादी नव्हता. डार्विनचा ग्रंथ तर १८५९ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी निघाला. जीवांचा क्रम हा एखाद्या मतासाठी रचलेला नसून मत मांडले जाण्यापूर्वीच खडकांत वाचलेला आहे, ही गोष्ट शिक्षकांनी अवश्य ध्यानी धरावी.

दगडात टिकून राहिलेल्या अशा प्राचीन अवशेषांना जीवाश्म म्हणतात. जीवाश्म पाहण्यासाठी पुष्कळ मुलांना दूर जावे लागत नाही. अनेक घरांच्या देवघरात शाळिग्राम असतो. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या अनेक शाळिग्रामांत जे चक्राकार चिन्ह दिसते, तो अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. हा प्राणी ज्युरासिक कल्पातील समुद्रात राहत असे. समुद्रातील प्राणी हिमालयाच्या उंचीवर कसा, या प्रश्नाचे उत्तर असे की, आज जेथे हिमालय आहे तेथे पूर्वी समुद्र होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला तेव्हा त्या समुद्राचा तळ उचलला गेला. हे सांगताना घरच्या श्रद्धेविषयी उणा शब्द काढण्याचे काहीच कारण नाही. पूज्य वस्तूची जन्मकथा कळल्याने तिचे मोल कमी होत नाही.

जीवाश्मांच्या आधारे एकोणिसाव्या शतकात खडकांची कालक्रमाने नावे पडली. मोठ्या विभागास महाकल्प, त्याच्या भागास कल्प आणि कल्पाच्या भागास युग असे म्हणतात. यांतील अनेक नावे गावांची व प्रदेशांचीच आहेत. वेल्सच्या जुन्या लॅटिन नावावरून कँब्रियन, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यावरून डेव्होनियन, रशियातील पर्म प्रांतावरून पर्मियन, जुरा पर्वतावरून ज्युरासिक. या मालिकेत आता आपल्या देशाचेही नाव आहे. गेल्या सुमारे ४,२०० वर्षांच्या काळास २०१८ मध्ये 'मेघालयन' हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. मेघालयातील मॉम्लू गुहेत वाढलेल्या चुनखडीच्या लवणस्तंभात त्या काळाच्या आरंभाची खूण स्पष्टपणे नोंदलेली आहे.

वर्षांचे आकडे कोठून आले

क्रम ठरला तरी वर्षे ठरली नव्हती. ती मोजण्याचे साधन १८९६ मध्ये बेक्रेल याने किरणोत्सर्गाचा शोध लावल्यानंतर हाती आले. युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचे अणू आपोआप फुटत जाऊन अखेर त्यांचे शिसे बनते. या फुटीचा वेग उष्णतेने वा दाबाने बदलत नाही. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे निम्मे अणू फुटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. झिरकॉन नावाच्या खनिजाचा स्फटिक बनताना तो युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. म्हणून त्यात आज किती शिसे व किती युरेनियम आहे हे मोजले की स्फटिक केव्हा बनला ते कळते.

ही गोष्ट वर्गात फोडलेल्या चिंचोक्यांनी दाखविता येते. चौसष्ट चिंचोक्यांच्या डाळी घ्याव्यात व जमिनीवर टाकाव्यात. ज्या पांढऱ्या बाजूने पडतील त्या बाजूला काढून त्यांच्या जागी खडे ठेवावेत. उरलेल्या पुन्हा टाकाव्यात. प्रत्येक खेपेस सुमारे निम्म्या डाळी उरतात: ६४, मग ३२ च्या आसपास, मग १६, मग ८. कोणती डाळ केव्हा पांढरी पडेल हे कोणालाही सांगता येत नाही. तरी खडे व डाळी मोजून किती खेपा झाल्या हे बाहेरून आलेल्या मुलालाही सांगता येते. डाळी म्हणजे युरेनियम, खडे म्हणजे शिसे, खेप म्हणजे ४४७ कोटी वर्षे. डाळी अवघ्या चौसष्ट असल्याने उत्तर अदमासाचे येते. स्फटिकात अणू अगणित असल्याने ते नेमके येते.

जीवाश्म असलेल्या गाळाच्या खडकाचे वय बहुधा थेट काढता येत नाही. त्याच्या खालच्या व वरच्या ज्वालामुखीच्या राखेचे वा लाव्ह्याचे वय काढतात. जीव त्या दोहोंच्या दरम्यान जगून गेला. कार्बन-१४ ची पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच्याच अवशेषांस लागू पडते. डायनोसॉरचे वय 'कार्बन डेटिंग'ने काढतात असे काही ठिकाणी सांगितले जाते, ते चूक आहे.

खुद्द पृथ्वीचे वय मोजण्यात आणखी एक अडचण होती. तिचे आरंभीचे खडक वितळून, झिजून नाहीसे झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील सर्वांत जुने झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. त्यामागचे पान फाटलेले आहे. म्हणून अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने पृथ्वीबरोबरच जन्मलेल्या अशनींतील शिसे मोजले आणि १९५६ मध्ये सुमारे ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक पद्धतींनी तपासणी होऊनही तो फारसा हललेला नाही.

जीवांची वाटचाल

पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर आढळतात. त्यानंतर दीर्घकाळ पृथ्वीवर केवळ एकपेशीय जीव होते; पण त्यांनी केलेले काम लहान नव्हे. सूर्यप्रकाशात अन्न बनविणाऱ्या सूक्ष्मजीवांनी बाहेर टाकलेला प्राणवायू सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. आज आपण घेत असलेल्या श्वासाची तरतूद तेव्हापासून सुरू झाली.

सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी कँब्रियन कल्पाबरोबर पुराजीव महाकल्पाचा आरंभ झाला. कवच, पाय व डोळे असलेले विविध प्राणी या वेळी समुद्रात मोठ्या संख्येने दिसू लागतात. त्यांतील ट्रायलोबाइट प्रसिद्ध आहेत. पुढे वनस्पतींनी जमिनीवर पाय रोवला. डेव्होनियन कल्पात माशांच्या एका शाखेपासून चतुष्पाद प्राणी उत्पन्न झाले. कॅनडाच्या उत्तरेस २००४ मध्ये सापडलेला टिक्टालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव या घटनेचा उत्तम साक्षीदार आहे: खवले व पर माशाचे, पण परात मनगटासारखी हाडे आणि स्वतंत्र हलणारी मान. विशेष असे की, शोधकांनी आधी त्या काळाचे खडक नकाशावर हेरले व मग तेथे जाऊन शोध घेतला. क्रम खरा असल्याशिवाय असे भाकीत साधत नाही.

पर्मियन कल्पाच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, सायबेरियात प्रचंड लाव्हा उसळला आणि जीवसृष्टीवरील सर्वांत मोठा संहार घडला. समुद्रातील दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक जाती नाहीशा झाल्या असा अंदाज आहे. त्यातून उरलेल्यांच्या वंशजांनी मध्यजीव महाकल्प भरून काढला. ट्रायासिक, ज्युरासिक व क्रिटेशस हे त्याचे तीन कल्प. डायनोसॉर याच महाकल्पातले. पहिले सस्तन प्राणीही याच काळात, पण आकाराने लहान होते. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज असल्याने तो वंश सर्वस्वी संपला असेही म्हणता येत नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मोठी अशनी आदळली व मध्यजीव महाकल्प संपला. तेव्हापासूनचा नवजीव महाकल्प हा सस्तन प्राण्यांच्या विस्ताराचा काळ होय. आपल्या जातीचा मानव त्यात सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी दिसतो.

महाराष्ट्रातील खुणा

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. तो ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्यापासून बनला. डायनोसॉरांच्या नाशात या उद्रेकांचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. परंतु दोन लोंढ्यांच्या दरम्यान साचलेल्या तळ्यांच्या गाळात शंख व वनस्पतींचे अवशेष मिळतात. नागपूरच्या परिसरात असे अवशेष स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी गोळा केले आणि १८५५ मध्ये त्यांविषयी लिहिले.

पूर्वेकडील जिल्ह्यांत याहून जुनी पाने उघडी आहेत. चंद्रपूरचा कोळसा हा पर्मियन कल्पातील दलदलींच्या अरण्यांचा अवशेष होय. त्या अरण्यातील ग्लॉसॉप्टेरिस या वृक्षाची पाने भारताप्रमाणेच आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही दगडात सापडतात. कारण हे सर्व भूखंड त्या काळी जोडलेले होते. त्या अखंड भूमीस आपल्या गोंड प्रदेशावरून गोंडवन हे नाव मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधम येथे वृक्षांचे अश्मीभूत ओंडके आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत शेणही मिळाले. त्या शेणाच्या तपासणीत गवताचे सूक्ष्म कण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या काळी गवत नव्हते ही तोवरची समजूत बदलावी लागली. शेतात मिळालेला एक कुरूप गोळा जगाच्या पुस्तकातील वाक्य बदलू शकतो. म्हणून मुलांनी असा विचित्र दगड आणल्यास तो फोडू किंवा विकू देऊ नये. कोणत्या जागी व कोणत्या थरात मिळाला ते लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावे. जागेची नोंद हरवलेला जीवाश्म हा तारीख फाटलेल्या दस्तऐवजासारखा असतो.

सुतळीचा पाठ

काळाचे प्रमाण दाखविण्यास ४५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीची सुतळी पुरते. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षे, एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षे. सुतळी मैदानावर सरळ ताणावी. एक टोक 'आज' समजून तेथून मागे मोजीत रंगीत चिंध्या बांधाव्यात:

पहिले ज्ञात जीव: ३५ मीटर
हवेत प्राणवायू: २४ मीटर
कँब्रियन कल्पाचा आरंभ: ५ मीटर ३९ सेंटिमीटर
टिक्टालिक: ३ मीटर ७५ सेंटिमीटर
चंद्रपूरच्या कोळशाचा काळ: ३ ते अडीच मीटरांच्या दरम्यान
डायनोसॉरांची अखेर व दख्खनचा पाषाण: ६६ सेंटिमीटर
आपल्या जातीचा मानव: ३ मिलिमीटर

लेखनकलेची सुमारे पाच हजार वर्षे या सुतळीवर केसाच्या जाडीहून अधिक जागा घेत नाहीत. मुलांनी दूरच्या टोकापासून आजच्या टोकाकडे चालत यावे. जवळजवळ चाळीस मीटर चालून झाले तरी हाडांचा एकही प्राणी भेटत नाही, हे पायांना कळले म्हणजे मनालाही कळते. माणूस व डायनोसॉर एकत्र दाखविणारी चित्रे चुकीची का, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

दोन शंका

पहिली शंका शब्दांमुळे येते. कल्प व युग हे शब्द पुराणांतही आहेत, आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा मानलेला आहे. तेव्हा 'आपल्या पूर्वजांना पृथ्वीचे वय ठाऊकच होते', असे गावात म्हटले जाते. शिक्षकांनी येथे वाद घालू नये, पण फरक स्पष्ट सांगावा. ४३२ कोटी ही पुराणांतील संपूर्ण कल्पाची लांबी आहे. पूजेच्या संकल्पात ज्या कल्पाचा उच्चार होतो त्याची उलटलेली वर्षे परंपरागत गणनेनुसार सुमारे १९७ कोटीच भरतात. म्हणजे आकड्यांचा मेळ दिसतो तितका बसत नाही. शिवाय तो आकडा कालचक्राच्या कल्पनेतून आलेला आहे, खडकाच्या मोजमापातून नव्हे. आणि भूशास्त्रातील कल्प तर काही कोटी वर्षांचाच असतो. शब्द उसने घेतले आहेत, अर्थ निराळे आहेत. पुराणातील काल भाषेच्या व संस्कृतीच्या तासाला आणि भूकाल विज्ञानाच्या तासाला सांगावा. दोहोंचा मान त्यातच राहतो.

दुसरी शंका 'माणूस माकडापासून झाला काय' ही होय. आजच्या कोणत्याही माकडापासून माणूस झालेला नाही. चिंपँझी व मानव यांचे पूर्वज एकच होते आणि त्यांच्या शाखा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. भावकीतील दोन घरे एका पणजोबांची असतात. त्यांतील एक घर दुसऱ्यापासून झाले असे कोणी म्हणत नाही. जीवसृष्टी ही शिडी नसून फांद्या फुटलेला वृक्ष आहे. तीस मीटरांहून अधिक सुतळीभर टिकून राहिलेले सूक्ष्मजीव आजही आपल्याबरोबर आहेत आणि ते मागे पडलेले नाहीत.

परीक्षेच्या दृष्टीने कल्पांची नावे पाठ असणे इष्ट आहे, परंतु तो या पाठाचा हेतू नव्हे. पाठानंतर शिक्षकांनी मुलांस एकच प्रश्न विचारावा: 'हे कशावरून कळले?' थर, जीवाश्म, शिसे यांपैकी एखादा पुरावा सांगून मूल स्वतःच्या शब्दांत उत्तर देऊ लागले, तर एखादा आकडा चुकला तरी हरकत नाही. आकडा पुस्तकात पुन्हा पाहता येतो.